माझ्या खोकल्याचं औषध

प्रिय ताई,

वसतिगृहात खोकला झाला की सिस्टर आपल्याला चमचाभर गोड औषध द्यायच्या आणि तू माझाही चमचा चाटायचीस, आठवतं?

मी ठीक आहे. मला खोकला नाही, इतक्या वर्षांत कधी नव्हताच. "मावशी, आईला तिकडचंच औषध मानवतं," असं सांगून माझ्या लेकाने तुझ्याकडून मागवलेल्या सगळ्या बाटल्या त्याच्या कपाटात रिकाम्या सापडल्या. नशेसाठी तो अख्खी बाटली एका दमात पितो. त्याची नोकरी गेली. वर मलाच म्हणतो, "औषधच आहे ना, आई!"

तुझी पाठ कशी आहे?

इकडे येणाऱ्या तुझ्या शेजारणीजवळ तुझ्याकडे राहिलेली माझी शाल दे, तू त्याच्यासाठी विणलेला स्वेटरही दे. पाठवायला म्हणून तुझ्याकडे आणून ठेवलेल्या बाटल्या मात्र मोरीत ओत. त्याने रडून मागितल्या तरी देऊ नकोस. उद्या मीच मागितल्या, तरीही नको.

तुझीच,
धाकटी