चार पानांच्या जागी एक पान

प्रिय लायल,

“माझी सही सोडून काहीही माग, रोंडा.” बारा वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तू हे म्हणाला होतास. परवा सात तास एकटीनं गाडी चालवली, तेव्हा सलायनाहून निघाल्यापासून हेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

मी राष्ट्राध्यक्षांच्या संग्रहालयात गेले होते. होय, मी, आपल्या पोराला लढाईवर पाठवणारे ते टीव्हीवर दिसले की खोलीतून उठून जाणारी. जोलीन म्हणालीसुद्धा, “अगं, तिकीट काढून स्वतःचा छळ करून घेणारी तू पहिलीच!” बहीण आहे, तिला बोलायचा हक्क आहे. तुझी कुत्री अजून तिच्याकडेच असते. त्या कुत्रीला आता दिसत नाही, पण ट्रकचा आवाज आला की दाराशी जाऊन बसते.

दारात लाल जाकिटातले एक आजोबा होते. “सलायना? म्हणजे गहू आणि वारा! वारा घरीच ठेवलात ना, बाई?” इतके प्रेमळ की त्यांच्यावर रागावताही येईना. आत देशोदेशीची नजराण्यातली खोगिरं, राष्ट्राध्यक्षांच्या बाईसाहेबांचे झगे आणि त्यांच्या कचेरीची हुबेहूब नक्कल. टेबलामागे बसून फोटो काढायला रांग लागली होती. माझ्या पुढची बाई नवऱ्याला दटावत होती, “पोट आत घे, देश चालवायचाय तुला!” सगळे हसले. मीही हसले, लायल. मग माझी पाळी आली आणि मी नुसती त्या टेबलावर हात ठेवून बसले. मागचे लोक खोकायला लागले तेव्हा उठले.

पुढे एका काचेत राष्ट्राध्यक्षांच्या नावानं सही करणारं यंत्र होतं. त्याच्या चिमट्यात पेन अडकवलेलं. तुला आठवतं? आपल्या गॅरेटला पुरल्यावर तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनाचं पत्र आलं, तेव्हा तू अंगठा ओला करून सहीवरून फिरवला होतास. शाई फिसकटली. “खरी आहे,” एवढंच म्हणालास आणि पत्र घडी करून खिशात ठेवलंस. मी त्या आजोबांना विचारलं, यंत्राची सही ओळखायची कशी? ते म्हणाले, “अवघड आहे हो. तेही खऱ्या पेनानंच करतं ना.” आपल्या पत्रावरची सही कुणाची, ते मी विचारलं नाही. तूही आता विचारू नकोस.

पण मी संग्रहालय बघायला गेलेच नव्हते. वरच्या मजल्यावर कागदपत्रांची वाचनखोली आहे, तिथे गेले होते. लढाईत गेलेल्या मुलांच्या घरून आलेली पत्रं तिथे ठेवलेली आहेत. गॅरेटचं नाव कुठे आहे का, म्हणून मी सहा महिन्यांपूर्वी लिहून विचारलं होतं. पर्स बाहेर ठेवायला लावली, पेनही काढून घेतलं, हातात एक पेन्सिल दिली. तिथल्या मिसेस टिल्मन यांनी करड्या रंगाची पेटी आणली आणि हळूच म्हणाल्या, “सावकाश बघ गं. इथे कुणी घाई करत नाही.” फायलीत एकच कागद होता. काढून ठेवलेल्या पत्राच्या जागी ठेवतात तो. त्यावर टाइप केलं होतं: हस्तलिखित पत्र, चार पाने. लायल ब्रेनमन यांच्याकडून. अकरा मार्च. मजकूर खासगी, म्हणून दाखवता येत नाही.

चार पानं, लायल.

त्याच अकरा मार्चला मी बॅग भरून जोलीनकडे निघून गेले. मी दारातून ओरडले होते, “भिंतीशी संसार केला असता तर तिनं निदान प्रतिध्वनी तरी दिला असता!” तू टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिलास. मी गेल्यावर त्याच टेबलावर तू कागद ओढलेस का? की मी ओरडत होते तेव्हाच ती पानं लिहून तुझ्या खिशात होती?

तुझ्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावला होता: मनातून तू मला दोष देतोस. गॅरेट सतरा वर्षांचा होता, भरतीच्या कागदावर आई-बाप दोघांच्या सह्या लागत होत्या. “आई, तूच सांग ना बाबांना, तुझंच ऐकतात ते!” म्हणून तो माझ्या खांद्याला लोंबकळत होता. मी आधी सही केली. मग तुझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, वर्षभरात अठराचा होईल, तेव्हा विचारणारही नाही. आता तरी हसत जाऊ दे. तू ते सहीचं वाक्य म्हणालास आणि तरी सही केलीस. तो खरंच हसत गेला.

एवढ्या वर्षांत तू मला तोंडानं एकदाही दोष दिला नाहीस. दिला असतास तर मी राहिले असते, असं आता वाटतं. त्या चार पानांत माझं नाव आहे का, एवढंच मला कळायला हवं आहे. असेल तर असू दे. कुठेतरी लिहिलेलं आहे आणि ते एका अनोळखी माणसानं वाचलं, मी मात्र नाही, हे मला सोसत नाही.

मिसेस टिल्मन म्हणाल्या, लिहिणाऱ्यानं परवानगी दिली तरच पत्र उघडता येतं. त्यांनी दिलेला कागद सोबत ठेवते आहे. वरचं सगळं मी भरलंय, खालची एक ओळ मोकळी आहे. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तुझ्याच आवाजात ऐकू येतंय. तरी दुसऱ्यांदा तेच मागते, लायल. सही कर.

अजूनही तुझीच,
रोंडा