चाळीस पावलांचं स्नायुशास्त्र

२ डिसेंबर
दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे यंदा घराचा मान माझ्याकडे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिरवणुकीत नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात घ्यायचा आणि बोळाच्या तोंडापासून चाळीस पावलं चालायचं. नंदीध्वज म्हणजे देवाची तीस फुटी काठी. वडिलांनी सत्तरीपर्यंत केलं, पुढे दादानं. मी कधी हात लावला नाही, कारण मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होतो.
गुरुबसप्पा अण्णांचा निरोप: जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मान चुलत घराला देऊ, कायमचा. अण्णा सरावाचे प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी. चुलत घर म्हणजे बसवेश. मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतो. दहावीला माझ्याच विषयात नापास.
अशा माणसाकडे घराचा मान जाऊ देणार नाही.

३ डिसेंबर
संकल्प. रोज पहाटे पाचला उठणे. सूर्यनमस्कार पंचवीस. रात्री एकच भाकरी.

४ डिसेंबर, सकाळी ८.१५
आत्ता उठलो. झोपेतच स्नायूंची दुरुस्ती होते, हे सामान्य लोकांना माहीत नसतं.

४ डिसेंबर, रात्री
मैदानावर सराव पाहून आलो. करमणूक झाली. वीस-पंचवीस गडी, पट्टे बांधून, एकामागून एक काठी कमरेला घेतात, घाम गाळतात, पुन्हा रांगेत. एकालाही आपण काय करतोय ते माहीत नाही. बसवेशला विचारलं, काठी उचलताना कुठला स्नायू आधी आकुंचन पावतो? म्हणाला, सर, ते न्हाई म्हाईत, आमी नुसतं उचलतो की.
नुसतं उचलतो! बैलही नुसतं ओढतो.

७ डिसेंबर
हेमावतीला (सौ.) सिद्धांत समजावला. स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. म्हणून ते जोडीनं असतात. दंडाचा पुढचा आखडला की कोपर वाकतं, मागचा आखडला की सरळ होतं. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल पडतो. हाताचे स्नायू ऐच्छिक, म्हणजे इच्छेच्या आधीन. आता ज्याची इच्छाशक्ती दांडगी आणि ज्याला स्नायूंची नावं पाठ, त्याला सरावाची गरज काय? आज्ञा दिली की काम झालं.
मी बोलत असताना तिनं भरलेलं सिलिंडर बाहेरून स्वयंपाकघरात नेलं. पद्धत चुकीची होती. सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

११ डिसेंबर
पहाटे उठण्याचा संकल्प रद्द. थंडीत स्नायू कडक असतात. शास्त्र आहे. त्याऐवजी दुपारी जेवणानंतर आडवं पडून, डोळे मिटून मनात चाळीस पावलं चालणे. आज तिसाव्या पावलाला झोप लागली. झोपेतही चालत असणार, कारण चहाच्या वेळी थकवा होता.

१५ डिसेंबर
मैदानावर तक्ता नेला. मांडी, पोट, पाठ, पोटरी, सगळं लाल रंगात. अण्णांच्या परवानगीनं वीस मिनिटं बोललो. हाडाला स्नायू स्नायुरज्जूनं बांधलेला असतो, मेंदूकडून संदेश येतो, तंतू एकमेकांत सरकतात, स्नायू आखूड होतो, हाड हलतं. सगळे गप्प बसून ऐकत होते. दोघांनी तर डोळे मिटले होते, इतके एकाग्र.

१६ डिसेंबर
आज त्यांनीच मागणी केली. मी मैदानात पाऊल टाकताच बसवेश ओरडला, सर आले, बसा रे सगळे! आणि सगळे धपाधप बसले. पाण्याच्या बाटल्या निघाल्या. एकानं विचारलं, सर, हृदयाचं बी सांगा की आज, लई टाइम झाला तरी चालंल. ज्ञानाची अशी भूक मी शाळेत पाहिली नव्हती.
अण्णा मात्र चुळबुळत होते. म्हणाले, सर, सरावाला येळ उरंना. अण्णांना विज्ञानाचं वावडं आहे.

२१ डिसेंबर
अण्णांनी माझी परीक्षा घेतली. माझी! चालायचं न्हाई, म्हणाले, नुसतं काठी घेऊन हुबं ऱ्हावा, मी पन्नास मोजतो.
पट्टा बांधला. काठी आली. आज्ञा दिली: पोटाचे स्नायू, पाठीचे स्नायू, पोटऱ्या. अण्णा कानडीत मोजायला लागले. ओंदु, एरडु, मूरु. सातपर्यंत उत्तम. मग काठीला काय झालं कळेना, ती एकदम डावीकडे निघाली. चौघांनी पकडली. मलाही एकानं पकडलं.
कारणे: (१) अण्णा फार सावकाश मोजतात. (२) पट्टा बसवेशच्या मापाचा. (३) वारा.
अण्णा म्हणाले, सर, हुबं ऱ्हानं बी काम असतंय. पाठीतली बारकी बारकी माणसं रोज कामाला लावल्याबगर येत न्हाईत.
चौथी पास माणूस खोल स्नायूंना बारकी माणसं म्हणतो. हसू आलं. पाठ दुखत असल्यानं हसलो नाही.

२२ ते २६ डिसेंबर
पाठ. तेल. गरम पाण्याची पिशवी. लिखाण नाही.

२७ डिसेंबर
हेमावती म्हणते, बसवेशला देऊन टाका, नाक कापलं जात नाही त्यानं. मी विचारलं, वडिलांच्या फोटोपुढे उभा कसा राहू? ती म्हणाली, उभं राहायला सात मोजेपर्यंत जमतंय की. ही माझीच बायको.
पण रात्री तेल तिनंच चोळलं. मला खरोखर भीती वाटते आहे, हे इथं लिहून ठेवतो. दुसरीकडे लिहिणार नाही.

२ जानेवारी
नवीन संकल्प. पहाटे साडेचार.

३ जानेवारी
आज रविवार धरला. (आहे की नाही पाहिलं नाही.)

८ जानेवारी
मिरवणुकीसाठीची बाराबंदी घालून पाहिली. शिवून आणली तेव्हा नाड्या एकमेकींपर्यंत पोचत होत्या, आता वीतभर अंतर पडलंय. धुतल्यावर कापड आटतं. हेमावतीनं खालून पांढरी पट्टी जोडली.

१० जानेवारी
अण्णा घरी आले. बराच वेळ स्वयंपाकघरात हेमावतीशी कानडीत बोलत होते. मग मला म्हणाले, काळजी करू नगा, सर, चाळीस पावलं तुमच्याच घराची. शेवटी विज्ञानापुढे नमले. मी उदारपणे चहा पाजला.

१३ जानेवारी, दुपारी ३
झालं. चाळीस पावलं!
हलग्या, ढोल, माणसांचा समुद्र. बोळाच्या तोंडाशी पट्टा कसला. अण्णा कानात म्हणाले, सर, डोळं मिटा, देवाचं नाव घ्या, दोनी हातानं घट्ट धरा. मी डोळे मिटले आणि एकेका स्नायूला नावानं आज्ञा दिली. काठी आली. आणि वजन? वजन जाणवलंच नाही! पीस धरावं तसं. एकतीस वर्षांच्या अभ्यासाचा हा निकाल. हे गडी सहा-सहा आठवडे घाम कशासाठी गाळतात?
एकच तक्रार. बसवेश सगळा वेळ डाव्या अंगाला खेटून चालत होता. मानाचा क्षण दुसऱ्याचा असतो तेव्हा लांब उभं राहावं, एवढी अक्कल नाही. त्याचा घाम माझ्या बाहीला लागला.
लोक पाया पडले. दादानं फोनवर रडून आशीर्वाद दिला. वडिलांच्या फोटोला हार घातला. आज मला कोणाचीही भीती नाही.

१३ जानेवारी, संध्याकाळी
पुढच्या वर्षी सरावाची पद्धतच बदलायला अण्णांना सांगणार. तक्ते छापून घेऊ. काठी शेवटचे दोन दिवस पुरे.

१४ जानेवारी
भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. दोन मिनिटं अकरा सेकंद. हौसेनं पाहिला.
काठीचा बुंधा बसवेशच्या पट्ट्यात आहे. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. तो दातओठ खाऊन चालतोय, मानेच्या शिरा तटतटल्यात. मी त्याच्या उजव्या हाताला, डोळे मिटून, दोन्ही हात काठीवर ठेवून, चेहऱ्यावर हसू. माझा पट्टा रिकामा. मागून अण्णा माझी कंबर धरून मला वळवतायत, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं.
पाच वेळा पाहिला.
हेमावतीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, मीच अण्णांना म्हटलं होतं, मान जाऊ नये आणि काठी पडू नये, एवढं बघा. ग्रुपमध्ये चौसष्ट माणसं आहेत. सगळ्यांनी हात जोडलेले टाकलेत. कोणीही काही विचारलेलं नाही. शरम वाटली. खूप.
मघाशी बसवेश प्रसाद घेऊन आला. नेहमीसारखा पाया पडला. मी विचारलं, माझी चाळीस पावलं काठी घेऊन तूच चाललास, मग नाव माझं का लावू दिलंस? तो म्हणाला, सर, घरचं काम हाय की, नाव कुनाचं बी असू दे. आणि जाताना म्हणाला, तुमी डोळं उघडलं न्हाईत ते लई बरं झालं, न्हाईतर तुमी काठी माझ्याकडनं मागून घेतली असती.
उठून दारापर्यंत सोडायला जावं म्हटलं, तर जमलं नाही. काल रिकाम्या पट्ट्यानं चाळीस पावलं चाललो, आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आहेत.