जयूच्या चित्राला हार

३ मार्च
आज हार घातला आणि सगळं फिरलं. मला तिथेच जाणवलं, तरी शॉट थांबवला नाही.
आमच्या भुताच्या सिनेमात चित्रकार ज्याचं चित्र काढतो तो मरतो. हिरोईन जयू. चित्रही तिनेच काढलंय, स्वतःचं. चित्रकलेचा कोर्स करते ती. म्हणाली, "नुसता दिवा ठेव. जित्त्या माणूसले हार घालतस का?" मी तापलो. "घाबरनी का? सिनेमा शे!"
मग शॉट देऊन, रुसून एकटीच घरी गेली. ते सहन होत नाही मला.

५ मार्च
टीझर टाकला. कुणीतरी हार घातलेल्या चित्राचा तेवढाच फोटो काढून फिरवला. रनाळ्याची जयूची मावशी रडत तिच्या दारात. आम्ही तिथेच होतो. दार उघडलं जयूनेच.
"बाई वं! तू जित्ती शे?"
आणि उंबऱ्यातच बसली. कॅमेरावाला संजू हसून लोळला. मीही.

६ मार्च
शहाद्याचं स्थळ जयूला बघायला येणार होतं. आलं नाही. अपशकुनी म्हणे. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कॉलेज सोडल्यापासून अशी भूक नव्हती.
तिला अजून काही बोललेलो नाही. बोलणार. सिनेमा संपला की.

८ मार्च
जयूला ताप. उतरत नाही. भेटायला गेलो तर तिची आई ओसरीतूनच, "तुन्हा सिनेमानी मन्ही पोर खाई टाकी!"
टीझर काढून टाकला. काय उपयोग, फोटो सगळ्यांकडे.

९ मार्च
तिचा भाऊ दिन्या आला. कॉलर धरली. मीही धरली. संजूने सोडवलं. "चित्र जाळी टाक, नही ते तुन्हं घर जाळसू."
संध्याकाळी जयूचा मेसेज. 'चित्र जाळू नको. तेवढंच एक नीट जमलंय मला.'
माझ्या खोलीतच आहे ते. गालाखाली सावली आहे. आधी होती का? होतीच असणार. संजूला विचारलं तर तो चित्राकडे बघेना.
असले सिनेमे जयू आणि मी मोबाइलवर किती पाहिले. मूर्ती बघून वेडे होणारे, गाणं ऐकून मरणारे. हसायचो. हट्टाने चित्राला हार घालणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कुठल्याच सिनेमात नव्हतं.

११ मार्च
जयूला नंदुरबारला दवाखान्यात ठेवलंय. टायफॉइड. डॉक्टर म्हणतात बरी होईल, पण इथून हलवू नका. आई ऐकत नाही. "डॉक्टर ताप उतारी. हार कोन उतारी?" चित्र जळलं नाही तर उद्या पोरीला उचलून भगताकडे नेणार.
हार मी त्याच दिवशी काढला होता. सांगितलं. कोण मानतं.
जाळलं तर जयू तोंड बघणार नाही माझं. नाही जाळलं तर...

१२ मार्च
दिन्याचा फोन. गाडी सांगितली आहे, जेवून निघतील. "राख दाखाड, मंग थांबसूत."
काडेपेटी घेतली होती हातात. खोटं कशाला लिहू. पण जाळायचं की नाही हे मी कोण ठरवणार? हारही मीच ठरवला होता.
चित्र चादरीत गुंडाळलंय. तिच्या खाटेशी नेतो, आईसमोर. जयू म्हणेल ते. दिन्या मारेल, मारू दे. तिला बोलण्याइतकी शुद्ध असू दे फक्त.
संजू खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजवतोय. चित्र मागे नको म्हणतो, दोघांच्या मध्येही नको. मग त्याला इथेच ठेवून मी एकटाच गाडी नेतो, चित्र पाठीला बांधून.
निघालो. दार लावतोय.