फक्कीची रेघ

कोल्हापूर,
५ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
राजवीरचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. म्हणून तूच कायदा काढलास की यापुढं काय असेल ते कागदावर लिही, लिहिता लिहिता माणूस निवतो. तर हे घे. ज्ञानूच्या दुधाच्या टेम्पोतनं पाठवतोय, उत्तरही त्याच्याकडंच दे.

आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्याकडं कुरुंदवाडात नीट पार पडलं हे बरं झालं. मी भेटायला येणार होतो, पण बाप असूनही ते माझ्याशी बोलणार नाहीत. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हापासून आपल्या घरात मी बसलो की ते उठतात. ते जाऊ दे.

इथं क्लबात गवताची दोन टेनिस कोर्टं आहेत, गुंडूतात्यांच्या हाताखाली मी ती सांभाळतो. सकाळी दोरी ओढून दव झाडायचं, गवत अर्ध्या पेराएवढं कापायचं, मग रोलर. कॉलेजात दोन वर्षांत जेवढं डोकं चाललं नसेल तेवढं या गवतापायी चालतं, हे आण्णांना सांगू नकोस.

आता खरं ते. १४ आणि १५ तारखेला इथं पात्रता फेरी आहे. दोन दिवसांत दोन मॅच जिंकल्या की मुख्य स्पर्धेत नाव लागतं. आपल्या जिल्ह्यातली एकही पोरगी अजून तिथवर पोचलेली नाही. यंदा प्रेरणा खेळतेय. व्हय, तीच. कागलच्या चनबसाप्पा कापडवाल्यांची. तू हसू नकोस.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला अर्धंच माहीत हाय. दुसरी मॅच, तिसरा सेट, बरोबरी चाललेली. समोरचीचा बॉल मागच्या रेघेजवळ पडला आणि मी कुंपणापाशी उभा राहून बाहेर, बाहेर म्हणून बोंबललो. कुस्तीच्या मैदानात आपण ओरडतोच की. पण टेनिसात बघणाऱ्याचं ओरडणं कुणी धरत नाही. तिनं मात्र धरलं. रॅकेट खाली केली आणि थांबली. बॉल आतच होता. तिथनं मॅच जी घसरली ती गेली. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणून यंदा मी तात्यांच्या मागं लागलो की रेघा ओल्या रंगानं नको, फक्कीनं मारू. कोरडी पांढरी पूड. बॉल रेघेला लागला की धूर उडाल्यासारखी उडते, म्हणजे कुणाला शंका नको आणि कुणी ओरडायला नको. तात्या म्हणाले, मर्दा, रोज सकाळी नव्यानं माराय लागतील. मी म्हणालो, मारतो. त्यांनी एकच अट घातली, की मॅचच्या वेळी माझ्या तोंडातनं आवाज निघाला तर दुसऱ्या दिवशी कोर्टावर पाय ठेवायचा नाही.

रेघा मारीन गं. गप कसं बसायचं ते सांग.

पोरांना गोड पापा. माझ्यावर रागव, पण आठवण काढत राहा.
तुझा,
राजवीर


कुरुंदवाड,
९ डिसेंबर

चि. राजवीर यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकिरडा विस्कटावा तसंच आहे, पण पहिल्यांदाच तुझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आण्णांना काळा चष्मा लागलाय आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहिणं-वाचणं बंद केलंय. त्यामुळं पेपर मीच वाचून दाखवते. काल पेपर झाल्यावर तुझं पत्र उघडलं आणि मुद्दाम मोठ्यानं वाचलं. जर्नलच्या ओळीवर ते खाकरले. उठून मात्र गेले नाहीत. फक्कीचं आलं तेव्हा मला थांबवून विचारलं की पूड उडते म्हणजे किती उडते. मी म्हणाले, मला काय ठाऊक, पोराला विचारा.

बाकी तब्येत झकास. डॉक्टरांना तपासायच्या आधी कागलच्या मैदानातली कुस्ती सांगून झाली. ती गदा, तो पाऊण तास चाललेला डाव, शेवटी लोकांनी खांद्यावर घेतलं ते सगळं. डॉक्टर बिचारे हातात बॅटरी धरून उभे. आपण लहानपणी शंभरदा ऐकलंय, त्यांनाही एकदा ऐकू दे.

गप बसायचा उपाय सोपा आहे. तोंडात गुळाचा मोठा खडा धर. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, आणि चावायचा तर मुळीच नाही. माझ्या सासूबाईंशी मी पहिली दोन वर्षं अशीच निभावली. सोबत आपल्या गुऱ्हाळाची अर्धी ढेप पाठवतेय.

आणि एक विचारते, रागावू नकोस. प्रेरणाच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही म्हणे. तुला तांबड्या रश्श्याशिवाय आठवडा जातो का? आधी ती बोलू दे, मग बघू, असं म्हणशील. मीही तेच म्हणते.

अंगावर स्वेटर घाल. माया आहे म्हणून बोलते, तेवढं ध्यानात ठेव.
तुझी,
आक्का


कोल्हापूर,
१४ डिसेंबर, संध्याकाळ

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

जिंकली. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

गूळ पोचला. पहाटे उठून दव झाडलं, दोरी ताणून रेघा मारल्या. रोलरजवळ कोपऱ्यात मला जागा दिली होती, तिथं लिंबाएवढा खडा तोंडात धरून बसलो. तात्या अधनंमधनं माझा गाल बघून जायचे.

आधी आपल्या सम्राटची मॅच झाली, शिरोळचा डावखुरा. हरला, पण काय हरला. पहिल्या नंबरच्या पोराला तीन तास नाचवलं. गवतावर घसरून गुडघा फुटला तरी त्यानं पट्टी मारून घेतली आणि पुढचीच सर्व्हिस अशी टाकली की समोरचा नुसता बघत राहिला. माणसं उभी राहिली. मागनं एक म्हातारं ओरडलं, पावणं, त्येला पटाला धर की. टेनिसात कुस्तीचा डाव ऐकून सगळं कोर्ट हसलं, खुर्चीवरचा अंपायरसुद्धा.

मग प्रेरणा. आक्का, तुला कसं सांगू. गवतावर बॉल उसळतच नाही, साबणावरनं सटकल्यासारखा खालनं जातो. बाकीच्या पोरी कमरेत वाकून त्याच्या मागं धावतात. ही गुडघ्यातनं बसते, भुईला लागेपर्यंत, आणि तिथनं रॅकेट अशी सरकवते की बॉल जाळीवरनं बोटभर वर जातो आणि पलीकडं पडतो तो मेल्यासारखा. पावलं इतकी बारीक की मी मॅच झाल्यावर जाऊन बघितलं, गवत कुठंच ओरबाडलेलं नव्हतं. मी रोज ज्याच्यावर हात फिरवतो त्या गवताला तिनं जपलं. हे मला वाटतंय म्हणून लिहीत नाही, तात्याही तेच म्हणाले.

एकदा समोरचीचा बॉल बाजूच्या रेघेला लागला, फक्की उडाली. अंपायरला दिसली, तिलाही दिसली. कुणी काही बोललं नाही, खेळ पुढं गेला. माझी रेघ कामाला आली. आण्णांना सांग, पूड वीतभर वर उडते आणि दोन श्वास हवेत राहते.

जाताना ती रोलरजवळनं गेली. बोलली नाही. पण माझ्या फुगलेल्या गालाकडं बघितलं.

उद्या पुण्याची मुलगी आहे, उंच आणि ताकदीची. उद्या जिंकली की झालं. माझ्याऐवजी आज तुम्हीच देवापुढं बसा, मला इथं रोलर आहे.
राजवीर


कोल्हापूर,
१६ डिसेंबर

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

काल लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आज सगळं लिहितो.

पहिला सेट पुणेकरणीनं घेतला, दुसरा प्रेरणानं. तिसऱ्यात हिचे चार गेम, तिचे पाच. अशा वेळी पुणेकरणीला मॅच पॉइंट मिळाला. म्हणजे तो एक पॉइंट गेला की मॅच गेली, वर्ष गेलं. कागलहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. कुस्ती बघायला बसल्यासारखी सगळी पुढं वाकलेली. माझा गूळ निम्मा झालेला.

त्या मुलीनं सगळ्या ताकदीनं बॉल बाजूच्या रेघेवरनं हाणला. प्रेरणा पोचली नाही. अंपायरच्या डोळ्यात उन्हाची तिरीप होती. त्यानं हात बाहेर केला, आऊट. म्हणजे पॉइंट आपला, मॅच जिवंत. लोकांनी जो गजर केला, त्यानं झाडावरचे बगळे उठले.

पण आक्का, मी कोपऱ्यात होतो, रेघेच्या बरोबर समोर. फक्की उडाली होती. थोडीच, चिमूटभर. मला दिसली, आणि प्रेरणाला दिसली. बाकी कुणालाच नाही. पुण्याच्या मुलीलाही नाही, ती मान खाली घालून सर्व्हिस घ्यायला माघारी निघाली होती.

खरं सांगतो, गेल्या वर्षी मी न बघता ओरडलो होतो, आणि या वर्षी बघूनसुद्धा ओरडावंसं वाटलं. बाहेर, बाहेरच, खेळ पुढं. दाताखाली खडा आला. चावला नाही.

ती रेघेजवळ गेली. पूड खाली बसेपर्यंत बघत राहिली. मग अंपायरच्या खुर्चीपाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली की बॉल आत होता, पॉइंट त्यांचा. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग जाळीपाशी जाऊन हात पुढं केला. पुण्याच्या मुलीला आधी कळेचना, आपण जिंकलोय ते.

एकजण म्हणाला, येडी हाय काय ही. त्याला चनबसाप्पांनी मागं वळून नुसतं बघितलं, तो बसला. मग त्यांनीच आधी टाळी वाजवली. एकट्यानं, बराच वेळ. मग सगळ्यांनी.

सगळे गेल्यावर मी रोलर ओढत होतो. मला वाटत होतं, मीच तिला हरवलं. ओला रंग असता तर पूड उडाली नसती. तेवढ्यात ती बॅग घेऊन आली आणि विचारलं की मला दिसलं होतं का. मी मान हलवली. मग विचारलं की तोंडात काय आहे. मी दाखवलं. ती हसली गं. वर्षभरात पहिल्यांदा. मी खिशातला दुसरा खडा दिला, तो तिनं तिथंच खाल्ला.

मग म्हणाली, गेल्या वर्षी तू ओरडलास म्हणून मी चिडले नव्हते. मला बॉल आत दिसला होता. तरी स्वतःचे डोळे सोडून तुझ्या आवाजावर थांबले, कारण मला तो बाहेरच हवा होता. चिडले होते ती स्वतःवर, आणि तुझं तोंड बघितलं की ते आठवायचं. आज फिटलं ते, असं म्हणाली. जाताना फाटकापाशी थांबून सांगितलं की पुढच्या वर्षीही फक्कीच मार.

ती हरली, आणि मला एवढा अभिमान का वाटतोय ते मला नीट लिहिता येत नाही. तुला कळलं तर कळव.
जसा आहे तसा तुझाच,
राजवीर


कुरुंदवाड,
२० डिसेंबर

चि. राजवीर यास,
आण्णाचा आशीर्वाद.

डॉक्टरांनी आजपासनं लिहायची मोकळीक दिली. पहिलं हेच लिहितोय. अक्षर हालतंय, समजून घे.

तुझी तिन्ही पत्रं ऐकली. पण शेवटचं मी आक्काकडनं दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा आज स्वतः वाचलं.

कागलच्या मैदानातली कुस्ती तुला तोंडपाठ हाय. तिच्यातलं एक मी कधी सांगितलं न्हाय. शेवटच्या डावाच्या आधी माझी पाठ मातीला लागली होती. पुरी लागली होती. पंच पलीकडच्या बाजूला होते. त्यांच्या आधी मी उसळून उठलो. समोरचा गडी हात वर करून सांगत होता, त्याचं कुणी ऐकलं न्हाय. मग मी त्याला पाडला आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. एकेचाळीस वर्षं झाली. पाठीला माती लागलेली आपल्याला कळते, दुसऱ्या कुणी बघावी लागत न्हाय.

त्या पोरीला हे सांग. माझं नाव घेऊन सांग.

तू कॉलेज सोडलंस त्याचा राग हाय, तो काय एका पत्रानं जाणार न्हाय. पण तोंडात खडा असून चावला न्हाईस, हे मी वाचलं.

मी उद्या आपल्या घरी जातोय. सोप्यातली ती कागलची गदा भिंतीवरनं खाली घ्यायची हाय. खिळा उंच हाय, माझा हात आता तिथवर पोचत न्हाय.

रविवारी ये.
आण्णा