दुसऱ्या मजल्यावरची कुंडी

प्रिय भोपळ्या,

ही हाक आता तुला शोभत नाही, इतका वाळलायस. पोचल्याचा फोन केलास, बरं वाटलं. पण फोनवर तू मला हसवून वाटेला लावतोस, म्हणून लिहायला बसले.

चार दिवस राहिलास आणि माझ्या स्वयंपाकघरात नुसता धुमाकूळ घातलास. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, लोणी शेजारणीकडे. ताई, रोज चाल, ताई, वेळेवर झोप, ताई, तुला नव्वदी गाठायचीय! लहानपणी माझ्या पावावरचं लोणी बोटानं चाटणारा, आता स्वतःची बेकरी असलेला माणूस बिनसाखरेचा चहा पितो? म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आधी वाटलं, स्वारी या वयात प्रेमात पडली. आरशापुढे किती रेंगाळतोस यावर लक्ष ठेवलं. छे! तीन दिवस दाढीसुद्धा केली नाहीस. मग वाटलं, खालच्या मास्तरांसारखा तूही शक्तीच्या पावडरीचे डबे विकायला लागलास आणि पहिलं गिऱ्हाईक मी. तू आंघोळीला गेलास तेव्हा तुझी पिशवी उचकली, रागावू नकोस. डबा नव्हता. पण तुझं नेहमीचं सिगारेटचं पाकीटही नव्हतं, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

शेवटच्या दिवशी आपण बाजारातून आलो. जिने चढल्यानं आयुष्य कसं वाढतं ते तू मला समजावत होतास. दुसऱ्या मजल्यावर मध्येच गप्प झालास आणि कुंडीवर वाकून पानं न्याहाळत बसलास, कठडा घट्ट धरून. अरे, ते झाड प्लॅस्टिकचं आहे.

बाबाही असेच थांबायचे. दर मजल्यावर दारांवरच्या पाट्या वाचायचे आणि आपण दोघं वरून खिदळायचो, की बाबांना रोज नव्यानं शेजारी कळतात. पन्नाशीही गाठली नाही त्यांनी. तुला येत्या वर्षी पन्नासावं लागेल.

डॉक्टरांनी तुला सांगितलेलं पथ्य तू मला शिकवून गेलास, असा माझा संशय आहे. खोटा ठरला तर खुशाल टर उडव माझी. खरा असेल तर ते काय म्हणाले ते सगळं लिही, काही लपवू नकोस. मला फार भीती वाटतेय रे. मीठ सोडते, रोज चालते, तू म्हणशील ते करते. पण नव्वदीला पोचून मी भांडू कुणाशी?

तुझीच,
ताई