फाटकावरची थप्पड

४ मार्च
मारली! मी मारली. पहारेकऱ्याच्या कानशिलात, भर दुपारी!
अठरा वर्षं त्या बॉम्बच्या कारखान्याच्या फाटकापुढे आम्ही कॉन्व्हेंटच्या सिस्टर मूक धरणं धरतोय. नव्या पोरींना मीच शिकवते — कुणी थुंकलं, ढकललं, तरी हात मांडीखाली दाबून बसायचं. आणि तो बापडा एवढंच म्हणाला, "सिस्टर, तुमच्या जपाने कधी बॉम्ब थांबलाय का?" हात कधी सुटला कळलंच नाही. चष्मा फुटला त्याचा.
बाकीच्या डोळे मिटून प्रार्थनेत होत्या. फाटकातल्या ट्रकच्या धडधडीत कुणी पाहिलं-ऐकलं नाही.

६ मार्च
त्याने पोलिसांत तक्रार केली. आमच्या पोरी भडकल्या — "सिस्टरवर आळ घेतो? जीभ झडेल मेल्याची!" शांतीच्या सेविका म्हणे! मी मात्र तोंडातून ब्र काढला नाही.

९ मार्च
वकीलबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गप्प बसा, सिस्टर. कबूल केलंत तर कोर्ट धरण्यावर कायमची बंदी घालेल. अठरा वर्षं पाण्यात!"
मदरच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोनदा परत फिरले. भित्री कुठली!

१० मार्च
आजही मदरकडे गेले नाही. नुसत्या येरझाऱ्या.

१३ मार्च
पहारेकऱ्याची बायको आली होती. त्यांच्या भिंतीवर कुणीतरी 'खोटारडा' लिहिलंय. शेजारी बोलत नाहीत. "माझ्या सासूबाईसुद्धा म्हणतात, पोटचा पोरगा असला तरी तोच खोटं बोलतोय, सिस्टर कशाला हात उचलतील!" मग थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हीच सांगा. मारलंत का?"
मी म्हटलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करते."
शी! लाज वाटते मला माझी. चहा तसाच टाकून ती निघून गेली.

१६ मार्च
ठरलं. उद्या खटल्याची तारीख, कोर्टात सगळ्यांसमोर सांगणार. बंदी आली तर येऊ दे. त्या माणसाचा संसार मोडून कसली आलीय शांती!
मदरना शेवटी सांगितलं.  त्या म्हणाल्या, "उद्या इस्त्रीचा झगा घाल." रडूच आलं मला.

१७ मार्च
माझ्याआधी त्याला बोलावलं. मान खाली घालून म्हणाला, "मी खोटं बोललो. पाय घसरून पडलो होतो. आता तरी माझ्या घरच्यांना सोडा." खटला तिथेच संपला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मला मिठ्या मारल्या. तो एकटाच दाराकडे निघाला. धरणं वाचलं.
मी उठलेच नाही.