आखूड की लांब

प्रिय टिल्लू,

तुझा फोटो मिळाला. सहा फुटी माणसाला अजून टिल्लू म्हणते म्हणून तुझी टीम हसत असेल, तर हसू दे. फोटोत पलंगावर दोन लांब पँटा, शेजारी तुझ्या त्या लाडक्या आखूड शॉर्ट्स, आणि खाली एकच ओळ, की ताई, यातली कुठली ते सांग. शर्यत पुढच्या महिन्यावर आली आणि मागच्या शर्यतीत नडगीला झालेली जखम अजून भरत नाहीये. तेव्हा प्रश्न नुसता कपड्याचा नाही, तुझ्या पायांचा आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दोन वाक्यांत माझी थट्टा सुरू करतोस आणि मी चिडून भलतंच बोलून बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

लोकांना वाटतं मी तंबू आणि पाठपिशव्या शिवते. खरं तर दुकान चालतं ते तुमच्यासारख्यांच्या फाटक्या पँटांवर. पायवाट सोडून, हातात नकाशा घेऊन झुडपांतून धावायचं, मग सायकल, मग नदी, मग परत झुडपं, आणि या सगळ्याला मजा म्हणायचं! आमच्या यांना तर वाटतं की तुम्हा सगळ्यांना लहानपणी कोणीतरी पुरेसं खेळू दिलं नसावं. पण पँट टेबलावर उलटी करून पसरली की मला कळतं, हा माणूस घसरत उतरतो, ही बाई टीममध्ये मागे चालते, कारण पुढच्यानं सोडलेली फांदी बरोबर तिच्या मांडीवर बसते. तुझं तसं नाही. नकाशा तुझ्याकडे, म्हणून तू सगळ्यात पुढे. काट्यांची पहिली भेट तुझ्याशीच.

तर शॉर्ट्स. हलक्या, नदीतून बाहेर आलं की लगेच वाळतात, गुडघा मोकळा राहतो, सगळं कबूल. मऊ गवताच्या डोंगरावर मीही त्याच सांगेन. पण तुमची या वेळची शर्यत जाणार खुरट्या काटेरी रानातून, हे तूच सांगितलंस. तिथे उघडी नडगी म्हणजे आयतं निमंत्रण. टाइट्सचं वेगळंच. त्या घालून माणूस चपळ दिसतो, मांड्या एकमेकींवर घासत नाहीत, थंडीत पोटऱ्या गरम राहतात. पण काटा त्यांच्यातून आरपार जातो, आणि विणीत अडकला की सोबत धागाही ओढून नेतो. त्या झिपवाल्या, गुडघ्यापासून सुट्या होणाऱ्या पँटा आहेत ना, त्यातली एक तुझ्या फोटोत आहे, ती ज्यानं तुला विकली त्याला माझा नमस्कार सांग. झिप ओली झाली की गुडघ्यावर किसणीसारखी चालते. मी अशा कितीतरी पँटांच्या झिपा उसवून तिथे साधं कापड जोडून दिलंय.

फोटोतली दुसरी, राखाडी, ती बरी आहे. पातळ पण घट्ट विणीचं नायलॉन, गुडघ्याला ताणलं जाणारं कापड, आणि काट्याला धरायला खिसे-बिसे फार नाहीत. फक्त ढगळ आहे, झुडपात शिडासारखी फुगेल आणि फाटेल. तिच्याच धर्तीवर मी तुला दुसरी शिवते आहे, पोटरीला अरुंद आणि नडगीवर दुहेरी कापड. आतली शिवण चपटी ठेवलीय, सायकलवर मांडीला लागणार नाही. बुटात खडे जाऊ नयेत म्हणून वरून ओढायचं कापडी झाकण वेगळं देते. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस, आधी भिजवून, झुडपात लोळून बघ. आणि मोजे पांढरेच घे. काळे मोजे मळ दिसू देत नाहीत म्हणून तुला आवडतात, मला माहीत आहे, पण ते रक्तही दिसू देत नाहीत.

आता तू म्हणशील, रक्त आलं तर मला कळेल की, त्याला मोज्याचा रंग कशाला. तिथेच मला थांबायचं आहे. मागच्या वेळी सराव करून तुम्ही दोघं थेट माझ्या दुकानात आलात, तो दिवस आठव. तू स्टुलावर बसून, पाय समोरच्या खोक्यावर टाकून, नकाशा उलटा धरून टीमला कसं भलत्याच टेकडीवर चढवलंस ते रंगवून सांगत होतास. तुझी बायको हसून हसून बेजार. मी तुझा मोजा सोलून काढला तर टाचेत काटा. बूट भेदून आत गेलेला, चांगला लांब. मी पकडीनं ओढला. तुझं वाक्य तुटलं नाही, टिल्लू. पाय हलला नाही, साधी भुवई वर गेली नाही. मी काटा तुझ्या नाकासमोर धरला तेव्हा तू छाती काढून म्हणालास, बघ, मला टोचतच नाही. तुझी बायको म्हणाली, गेंड्याशी लग्न केलंय. आपण तिघंही खूप हसलो.

लहानपणी तुझ्या बोटातलं साधं कुसळ काढायचं तर आई हात धरायची, मी पाय धरायची, आणि तू अख्खी गल्ली गोळा करायचास. माणूस धीट होतो, मान्य. पण धीट माणसाचाही पाय झटका देतो. तुम्ही गेल्यावर मी मशिनवर बसले आणि मला बाबांचा बूट आठवला. तू फार लहान होतास, तुला फक्त त्यांची काठी आठवत असेल. बाबा एकदा दिवसभर कामावर उभे राहून घरी आले, आईनं बूट झटकला तर आतून खिळा पडला. मोजा रक्तानं भिजलेला, आणि बाबा म्हणत होते की बूट अगदी आरामाचा आहे. हा किस्सा आपल्याकडे कितीतरी दिवस पाहुण्यांना हसून सांगितला जायचा. ती जखम चिघळली, बोटं काढावी लागली, आणि मग डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. तुझं वजन उतरलं म्हणून टीम तुझं कौतुक करते, तू सारखा पाणी पितोस, आणि नडगी भरत नाही. मी डॉक्टर नाही. पण मला झोप लागत नाही, हे खरं आहे.

इथपर्यंत वाचलंस तर आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझ्याबद्दल विचारायला म्हणून मी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि वडिलांना होतं तर आधी तुम्ही बसा म्हणाल्या. मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे नायलॉनचा एक ताठ धागा असतो, माझ्या मशिनवरच्यासारखाच, तो तळपायाला टेकवतात आणि कळलं की हो म्हणायचं. उजव्या पायाला मी शहाण्या मुलीसारखी हो, हो म्हणत गेले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, बाई कोणाशी बोलायला उठल्या असतील. मी म्हटलं, आता डावा घ्या की. त्या म्हणाल्या, डावा झाला. टिल्लू, मी अजून यांनाही सांगितलेलं नाही. दुकानात पेडल मारताना तो पाय सारखा बघते, आपलाच आहे ना म्हणून. मला भीती वाटते आहे, आणि हे ज्याला सांगावं असा तूच आहेस. शर्यत सोड असं मी म्हणत नाही, ते बाई सांगतील, कदाचित पळ म्हणतील. पण पँट मी पोस्टानं पाठवणार नाही, तुझ्या पायावर माप घेऊनच खालची दुमड घालेन. रविवारी मुक्कामाला ये. रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नकोस, सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. मी आपल्या दोघांची नावं नोंदवून आले आहे.

तुझीच,
ताई